श्रीराचातली वकीलबाई: पाचपैकी साडेचार, अर्धा व्हिसापायी कापला

थायलंडमधल्या श्रीराचाच्या या वकीलबाईंकडे मी घटस्फोटासाठी गेलो तो मनात एक आकडा धरून. खोन केनकडचं घर, त्याखालची जमीन, इतक्या वर्षांत ओतलेला पैसा, सगळं धरलं तर बायकोकडून मला निदान दहा-बारा लाख बात येणं निघतं, असा माझा हिशोब होता. चार महिन्यांनी काम संपलं तेव्हा मीच तिला दहा हजार बात देणं लागत होतो. तरी पाचपैकी साडेचार देतोय.

कचेरीचं नाव लिहीत नाही. पुढे एक तक्रार आहे, आणि थायलंडमध्ये बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. ज्याला खरंच गरज असेल तो आपल्या मराठी लोकांत विचारेलच.

मी मूळचा चिंचवडचा. २००९ साली गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीने चोनबुरी-रायोंगच्या पट्ट्यात पाठवलं. २०१२ साली बँकॉकच्या बांग राक जिल्हा कचेरीत लग्न नोंदवलं. (नावातल्या 'राक'चा अर्थ प्रेम, म्हणून १४ फेब्रुवारीला तिथे पहाटेपासून रांग लागते. आम्ही आपले जुलैत गेलो, पंधरा मिनिटांत बाहेर.) २०१४ साली बायकोच्या गावी, खोन केन प्रांतातल्या चुम फे भागात, दोन न्गान जमीन घेतली. एक न्गान म्हणजे ४०० चौरस मीटर, चार न्गानचा एक राय. आपल्या हिशोबाने आमची जमीन आठ गुंठ्यांच्या आतबाहेर. २०१६ साली तिच्यावर घर बांधलं. २०१८ साली श्रीराचात माझ्या नावावर एक छोटा कॉन्डो घेतला. मुलगी दहा वर्षांची. भांडण कशावरून झालं ते सांगत नाही. दोघांची चूक आहे, माझी जरा जास्त.

बाईंच्या आधी मी पट्टायातल्या एका एजन्सीच्या तावडीत सापडलो होतो. काचेवर इंग्रजीत व्हिसा, गाडीचा विमा, मृत्युपत्र, घटस्फोट, सगळं एकाच अक्षरात. तिथल्या गोऱ्या साहेबाने तीन औषधं सांगितली. पहिलं, पिवळं पुस्तक काढा, म्हणजे घरावर हक्क लागतो. दुसरं, घटस्फोटाआधीच बायकोकडून 'सिथी केप किन' लिहून घ्या, म्हणजे तहहयात घर तुमचं. तिसरं, एक कंपनी काढू, ५१ टक्के थाई माणसांच्या नावावर दाखवू आणि जमीन तिच्यात घालू. पंधरा हजार बात आगाऊ घेतले. पावती मागितली तर व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून दिला. ते पैसे गेले ते गेलेच.

रायोंगच्या गणपतीत एका सातारकर मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "ज्ञान्या, तू फोर्कलिफ्ट घेताना तीन कोटेशनं मागवायचास, आणि बायको सोडताना एकच?" श्रीराचाच्या बाईंचा 'लाइन'चा, म्हणजे इथल्या व्हॉट्सअ‍ॅपचा, आयडी त्यानेच दिला.

कचेरी म्हणजे एक गाळा, वर बाईंचं बिऱ्हाड. पाटी थाई आणि जपानी. इंग्रजीचा पत्ता नाही. श्रीराचात जपानी कारखान्यांची माणसं इतकी आहेत की बाईंची निम्मी अशिलं तीच. माझं थाई कारखान्यातलं, म्हणजे शिव्या आणि मोजमापं पक्की, बाकी तोडकंमोडकं. बाई सावकाश बोलतात, अडलं की कागदावर चित्र काढतात. जमीन म्हणजे चौकोन, घर म्हणजे वर त्रिकोण. हसू येतं, पण समजतं.

पहिल्या दहा मिनिटांत त्यांनी जे पकडलं ते एजन्सीला महिन्यात दिसलं नव्हतं. माझं नाव पासपोर्टवर 'डी-एन-वाय'ने सुरू होतं. थाई कारकुनांनी ते आपापल्या कानाने लिहिलेलं: लग्नाच्या दाखल्यावर एक, कॉन्डोच्या मालकीपत्रावर दुसरं, बँकेत तिसरं. बाईंनी तिन्ही स्पेलिंगं एकाखाली एक लिहिली आणि म्हणाल्या, कोर्टाच्या दृष्टीने ही तीन माणसं आहेत, आधी त्यांना एक करू. मग विचारलं, नावाचा अर्थ काय? मी सांगितला. "म्हणजे 'यान'! आमच्याकडेही ज्ञानाला यानच म्हणतात, त्याला आमचं वेगळं अक्षरसुद्धा आहे." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'खुन यान', खुन म्हणजे श्रीयुत. २००९ पासून इथे राहतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचा अर्धा तास मात्र वाईट गेला. माझा प्लास्टिकचा फोल्डर उघडून त्यांनी एकेक कागद टेबलावर मांडला, पत्ते लावतात तसा. मग एक पिवळट झेरॉक्स माझ्याकडे सरकवून तिच्यावर बोट ठेवलं. थाई मजकूर, तारीख बौद्ध सनातली २५५७, म्हणजे आपलं २०१४. खाली तीन सह्या. एक बायकोची, एक अधिकाऱ्याची आणि मधे देवनागरीतली माझी, 'ज्ञा'ला झोकात फलकारा मारलेली.

"ही तुमची?"

"हो."

"वाचून केली होती?"

"तेव्हा थाई वाचता येत नव्हतं."

त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. जमीन घेण्याचा सगळा पैसा बायकोचा स्वतःचा आहे, नवराबायकोचा सामाईक नाही, असं आम्ही दोघांनी जमीन कचेरीत लिहून दिलं होतं. मला आठवली ती दुपार. कचेरीत पंखे फिरत होते, सासूबाई बाहेर चिकट भाताचे डबे घेऊन बसल्या होत्या, आणि मला वाटलं होतं की ओळख पटवायची सही असेल. परदेशी माणसाला इथे सहसा जमीन घेता येत नाही, १९५४ च्या भूमी कायद्यात तसंच आहे. परदेशी नवरा असलेल्या बाईने जमीन घेतली तर हा कागद द्यावाच लागतो, त्याशिवाय खरेदी नोंदवत नाहीत.

बाई म्हणाल्या, "या कागदाशी कोर्टात भांडणारे आहेत. पण तुमचं भांडण तुमच्याच सहीशी. वर्षं जातील, आणि जिंकलात तरी जमीन नावावर होणार नाही, फार तर पैसे मिळतील. माझी फी मात्र नक्की होईल. करायचं?"

मी नको म्हटलं. पाच नंबरांतले तीन मी त्यांना तिथेच देऊन टाकले. वकिलाने स्वतःची फी अशी पायाने ढकललेली मी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातही पाहिली नाही.

मग त्रिकोण आला. जमीन तिची, पण घर वेगळं. थाई कायद्यात लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता म्हणजे 'सिन सोमरोत', दोघांची. आणि लग्नाआधीची, वारशाने आलेली किंवा स्वतःला बक्षीस मिळालेली म्हणजे 'सिन सुअन तुआ', ज्याची त्याची. (सोमरोत हा आपल्या 'समरस'चाच भाऊ. आमच्या बाबतीत विनोदच.) घर लग्नानंतर, दोघांच्या पैशातून बांधलेलं. परवाना बायकोच्या नावावर असला तरी किंमत अर्धी-अर्धी. आणि घरासाठी काढलेलं कर्जही अर्धं-अर्धं, हे एजन्सीच्या साहेबाने सांगितलं नव्हतं. बांधताना २२ लाख बात गेले होते. बाईंनी सरकारी मूल्यांकन काढून आणलं, आपल्याकडच्या रेडीरेकनरसारखं, गावातल्या कंत्राटदाराकडूनही आकडा घेतला, आणि १४ लाखांवर दोन्हीकडून मान डोलली. कर्ज बाकी ३ लाख २० हजार. उरले १० लाख ८०. माझे अर्धे ५ लाख ४० हजार. ठीक, म्हटलं काहीतरी आहे.

एजन्सीच्या औषधांचंही तेव्हाच विचारून घेतलं. पिवळं पुस्तक म्हणजे परदेशी माणसाची घरनोंद, निळं पुस्तक थाई लोकांचं. ते पत्त्याचा पुरावा आहे, मालकीशी त्याचा काडीचा संबंध नाही. निळ्या पुस्तकातही मालक वेगळा असू शकतो. मालकी पाहायची तर चनोत, वर लाल गरुड छापलेला. आपल्या सातबाऱ्यावरून तर आपण महसुलाची नोंद पाहतो. चनोत त्याहून पक्का, मालकीचाच दाखला. 'सिथी केप किन' हा हक्क खरा आहे. शब्दशः गोळा करून खाण्याचा हक्क: जमीन दुसऱ्याची, पण राहायचं, पिकवायचं, भाड्याने द्यायचं आपण, आणि चनोतच्या मागे नोंद होते. पण नवराबायकोने लग्न चालू असताना एकमेकांशी केलेला करार दोघांपैकी कोणीही लग्न असेपर्यंत किंवा ते सुटल्यापासून वर्षाच्या आत मोडू शकतो. थाई दिवाणी संहितेचं १४६९ वं कलम. म्हणजे घटस्फोटाच्या तोंडावर बायकोकडून तहहयात हक्क लिहून घेणं हे पावसाळ्यात वाळूवर नाव लिहिण्यासारखं. कंपनीच्या औषधाबद्दल बाई काही बोलल्या नाहीत, फक्त हात जोडले. नुसत्या नावापुरते थाई भागीदार उभे करून जमीन घेणं गुन्हा आहे.

कॉन्डोचं प्रकरण मात्र मला स्वतःला आवडलं, कारण त्यात हवेलीचे दुय्यम निबंधक आले. परदेशी माणूस कॉन्डो घेऊ शकतो, इमारतीतल्या एकूण क्षेत्राच्या ४९ टक्क्यांपर्यंत, पण पैसा परदेशातून परकीय चलनात आलेला लागतो आणि बँकेचा तसा कागद लागतो. माझा तो होता. बायकोचं म्हणणं, लग्नानंतर घेतला म्हणजे सामाईक. बाईंनी विचारलं, पैसा कुठून आला? चिंचवडचा माझा वन बीएचके, २००५ साली घेतलेला, २०१७ साली विकला. लग्न २०१२ चं. "मग तो तुमचा स्वतःचा. आणि स्वतःच्या पैशाने घेतलेलं तेही स्वतःचंच. पण मला पूल दाखवा: फ्लॅट घेतल्याचा कागद, विकल्याचा कागद, पैसा निघाल्याचा, पोचल्याचा."

तर धाकट्या भावाला सांगून २००५ चा इंडेक्स टू काढला. स्कॅन आला, बाईंनी मोठा करून पाहिला. "ही कोणती लिपी? हिंदी?" मी म्हटलं मराठी, आणि जरा तावातच म्हटलं. मराठीतून इंग्रजी आणि इंग्रजीतून थाई असा तो प्रवास. 'चटई क्षेत्र' हा शब्द थाई भाषांतरात खरोखरीची चटई होऊन आला होता. माझी विक्री झाली होती ती ४३ चौरस मीटर चटईची. बाईंना तो शब्द खटकला, त्यांनी फोन करून विचारलं आणि पान परत पाठवलं. भाषांतर तपासणारा वकील मी दुसरा पाहिला नाही. शिवाय त्यांनी माझा एक मोठा खर्च वाचवला. सगळे कागद मुंबईत मंत्रालयापासून थाई वकिलातीपर्यंत शिक्के मारत फिरवायला मी निघालो होतो. त्या म्हणाल्या, कोर्टात जायची वेळ आली तर करू, समोरासमोर बोलण्यासाठी एवढं पुरे. पुरलं. बायकोच्या भावाने कागद पाहिले आणि कॉन्डोचा विषय सोडला.

माझा विजय दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी बाईंनी बँकेचं पुस्तक मागितलं.

बँकेत होते ११ लाख. पगारातली बचत, कॉन्डोचं भाडं, आणि चिंचवडच्या विक्रीतली कॉन्डो घेऊन उरलेली थोडी रक्कम, सगळी एकत्र कालवलेली. पगार लग्नानंतरचा, म्हणजे सामाईक. भाड्याचं मला नवल वाटलं. कॉन्डो माझा, पण त्याचं भाडं दोघांचं. स्वतःच्या मालमत्तेचं फळसुद्धा कायदा सामाईकात धरतो. आणि चिंचवडचे उरलेले? "त्यातले कोणते नोटांचे गठ्ठे तुमचे, दाखवा," बाई म्हणाल्या. शंका असेल तिथे सामाईक, असं कलमच आहे. त्या वेळी वेगळं खातं उघडलं असतं तर फुकटात झालं असतं.

अकराचे अर्धे साडेपाच. तिला माझ्याकडून ५ लाख ५० हजार, मला तिच्याकडून ५ लाख ४० हजार. बाईंनी दोन आकडे एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली, पेन्सिल ठेवली आणि माझ्याकडे न बघता पंख्याचा वेग वाढवला.

घर तिला, कॉन्डो मला, बँकेतला पैसा माझ्याकडे, वर दहा हजार मी द्यायचे. मुलीचा ताबा आईकडे, दर महिन्याला ठरलेली रक्कम माझ्याकडून, उन्हाळ्याच्या सुट्टीतले तीन आठवडे मुलगी श्रीराचात. मला आणखी एक ओळ हवी होती: मी लावलेली आंब्याची दोन झाडं तोडायची नाहीत. बाई म्हणाल्या, झाडं जमिनीची, जमीन तिची, ही ओळ करारात शोभणार नाही. तिला तोंडी सांगा. सांगितलं.

आता अर्ध्या नंबराची गोष्ट. मी नोकरी २०२२ साली सोडली आणि तेव्हापासून बायकोच्या आधारावरच्या व्हिसावर होतो. त्याला माझ्या नावावर बँकेत ४ लाख लागतात, तेवढेच मी माझ्या खात्यात ठेवायचो. बाकी सात लाख दोघांच्या जोडखात्यात. लग्न संपलं की त्या व्हिसाचा पायाच जातो. मी ५३ चा, म्हणजे निवृत्तीच्या व्हिसाला पात्र. पण त्याला ८ लाख हवेत, एकट्याच्या नावावर, अर्जाआधी दोन महिने मुरलेले. हे बाईंनी मला कधी सांगितलं? जिल्हा कचेरीत जायच्या आठ दिवस आधी, लाइनवर, एका हसऱ्या सशाच्या स्टिकरसकट. बायकोने रजा टाकली होती, रात्रीच्या बसचं तिकीट काढलं होतं. जोडखात्यातले पैसे हलवायला तिचीच सही हवी, आणि चिडून ती दोन आठवडे फोन घेईना. सगळं दोन महिने पुढे गेलं. बाईंचं म्हणणं, व्हिसा माझ्या कामात नाही. असेल. पण परदेशी माणसाच्या घटस्फोटाला बसलेल्या वकिलाने पहिल्या दिवशी तीन प्रश्न विचारायचे तर त्यातला एक हा हवा. फीमधले काही परत मिळणार नाहीत हे त्यांनी गोड शब्दांत सांगितलं, आणि पुढच्या भेटीत ड्रॅगनफ्रूटची पिशवी दिली.

भारतातलं काय, असं मी विचारलं तेव्हा मात्र त्या सरळ म्हणाल्या, तुमच्या देशाचा कायदा मला माहीत नाही, तिथला वकील गाठा. हे मी त्यांच्या खात्यात जमा धरतो. एजन्सीच्या साहेबाला भारताचाही कायदा येत होता.

नोंदणीचा दिवस. दोघांची संमती असली की थायलंडमध्ये कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. कुठल्याही जिल्हा कचेरीत दोघांनी लग्नाचे दाखले आणि दोन साक्षीदार घेऊन जायचं. साक्षीदार बाईंनी आणले: त्यांची मदतनीस मुलगी आणि गल्लीतला झेरॉक्सवाला. शेजारच्या टेबलावर दोन मुली एकमेकींशी लग्न नोंदवत होत्या. २३ जानेवारी २०२५ पासून इथे ते कायदेशीर आहे. त्यांच्या फोटोवाल्याने मला जरा बाजूला सरकायला सांगितलं. आमच्या अधिकाऱ्याने करार मोठ्याने वाचला आणि वाटणीची कलमं नोंदवहीतही घ्यायला लावली. बाईंनी आधीच बजावलं होतं, कागद खिशात राहून उपयोग नाही, नोंदीत यायला हवा. सही करताना माझा 'ज्ञा' नेहमीसारखा आला नाही. बायकोने, म्हणजे आता माजी, पेन परत देताना विचारलं, "पी, किन खाव रु यांग?" दादा, जेवलात का? सवयीचा प्रश्न आहे तो, इथे सगळेच सगळ्यांना विचारतात. मी नाही म्हटलं. मग आम्ही दोघं आणि झेरॉक्सवाला समोर जाऊन नूडल्स खाऊन आलो. बाईंना दुसरी तारीख होती, त्या आल्या नाहीत.

खर्च: पहिल्या भेटीचे ३,००० बात. दोन्ही भाषांतला करार, वाटाघाटीच्या तीन बैठका आणि जिल्हा कचेरीतली हजेरी मिळून ३५,०००. भाषांतर ११ पानं, पानाला ७०० प्रमाणे ७,७००. खोन केनची फेरी आणि मूल्यांकन ६,०००. एकूण ५१,७००, आपले साधारण सव्वा-दीड लाख रुपये. प्रत्येक टप्प्याला छापील पावती, नाव 'यान'ने सुरू केलेलं.

बायको बोलायलाच तयार नसेल, किंवा तिनेही वकील दिला असेल, तर मात्र इथे जाऊ नका. बाई समोरासमोर बसवून मिटवणाऱ्या आहेत, कोर्टात लढायची त्यांना हौस नाही, तसं त्या स्वतःच सांगतात. जाताना सगळे कागद मूळ स्वरूपात न्या, इंडेक्स टू असेल तर तोही, आणि जमीन कचेरीत काय काय सही केलंय ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. शनिवारी कचेरी उघडी असते. बारा ते एक दार बंद. तेव्हा लाइनवर मेसेज टाकला तरी ससा येतो, उत्तर येत नाही.